उन्हाळ्यातला घरोघर प्रचार : कार्यकर्त्यांच्या सोयीला पाचपैकी तीन

२०२४ च्या लोकसभेला सोलापुरात ७ मे रोजी मतदान होतं, म्हणजे प्रचार भर उन्हात. पक्ष कुठला ते सोडा, इथं मी फक्त कार्यकर्त्यांच्या व्यवस्थेबद्दल लिहितोय.

नाष्टा झकास. गरम सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ), वर शेंगदाणे, आणि चहा मागेल तेवढा. पत्रकंही वेळेत. मतदार यादी मात्र इतक्या फिकट झेरॉक्सची, की नाव वाचायला कागद उन्हात धरावा लागे. टोपी दिली, पाण्याची बाटली ज्यानं त्यानं आणायची. हे काय बरं नाही.

माझ्याकडं कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत होती, १० हजार घरांची. विडी कामगार बायकांचा हात थांबत नाही; कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, बोलणं तसंच चालू. एक आजी मान वर न करता म्हणाल्या, "बाबू, आधी माझं नाव काढ, मग तुझं चिन्ह सांग." वोटर हेल्पलाइन अ‍ॅपवर ओळखपत्राचा नंबर टाकला, केंद्र आणि अनुक्रमांक लगेच आला. मग शेजारच्या चौघी कार्ड घेऊन हजर! चिन्ह सांगायचं राहूनच गेलं.

विडी कामगारांत तेलुगू बोलणारे बरेच, म्हणून नव्यानं जाणाऱ्यांनी तेलुगू येणारा जोडीदार मागून घ्यावा. दुपारी बारा ते चार कुणाची कडी वाजवू नये, शिव्या उमेदवाराला पडतात. प्रवासखर्च मिळेल म्हणाले होते, तो अजून येतोय.