टॅक्स ऑफिसच्या टेबलावर मायक्रोसॉफ्ट टू डू

महिन्याची 7 तारीख टीडीएसची, 11 जीएसटीआर-1 ची (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 15 पीएफ-ईएसआयची, 20 थ्रीबीची (जीएसटीआर-3बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). तिमाही रिटर्नवाल्यांची थ्रीबी महाराष्ट्रात 22 ला. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांचे आणि व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या ऑफिसात या तारखा सगळ्यांना पाठ असतात. तरी दहा तारीख उलटली की तिथल्या माणसाला काही सुचेनासं होतं. कुणाची खरेदीची बिलं यायची राहिलीत, कुणाचं चलन भरायचंय, कुणाला परत फोन करायचाय, ही यादी एकाच डोक्यात फिरत असते. त्यात हळदीचे सौदे जोरात असले की व्हॉट्सॲपवर येतंच, "मॅडम, गाडी भरलीय, ई-वे बिल लगेच काढा." (ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन दाखला.)

ही यादी डोक्यातून बाहेर काढायला मायक्रोसॉफ्ट टू डू हे फुकटचं ॲप आम्हाला चांगलं वाटतं. मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालतं, नेट गेलं तरी नोंद करता येते आणि नेट आल्यावर दोन्हीकडे जुळते. रजिस्टर वाईट नाही, पण 2019 च्या महापुरात या शहरात कागदांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

ॲपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'माय डे'. हे पान रोज रात्री आपोआप रिकामं होतं. कामं पुसली जात नाहीत, आपापल्या यादीत राहतात. सकाळी कोरं पान समोर येतं आणि आजची कामं आपल्याला स्वतः उचलून त्यात ठेवावी लागतात. साठ कामांची यादी बघून हातपाय गळतात, पाच कामं बघून माणूस पहिल्याला हात घालतो. म्हणून पाचच घ्या. प्रत्येक कामाच्या नावातच अंदाजे वेळ लिहा: "2बी ताळा, 45 मि." (2बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचं पोर्टलवरचं विवरण, ते आपल्या बिलांशी ताडून बघायचं.) ॲप ही बेरीज करून देत नाही, ती तोंडी करा. आठ तासांच्या दिवसात पाच तासांच्या वर कामं धरू नका. उरलेला वेळ फोन, पोर्टलचा ओटीपी आणि दारात उभ्या राहिलेल्या पार्टीत, म्हणजे ग्राहकात, जातोच.

सेटिंगमध्ये आज मुदत असलेली कामं 'माय डे'त आपोआप दाखवण्याची सोय आहे. आमच्या मते ती बंद ठेवावी. 20 तारखेला सगळ्या थ्रीबी एकदम अंगावर आल्या तर कोऱ्या पानाचा उपयोग संपला.

आता थ्रीबीची मांडणी. एक पार्टी म्हणजे एक काम, आणि त्याच्या आत 'स्टेप्स': विक्रीची बिलं आली, खरेदीची बिलं आली, 2बीशी ताळा, देय कर पार्टीला कळवला, चलन, फाइल. जीएसटीआर-2बी महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं, त्यामुळे शेवटचा ताळा त्याआधी पुरा होत नाही. टू डूमध्ये काम कधी सुरू करायचं ही तारीख टाकायला जागाच नाही, हा मोठा उणेपणा. त्यावर तोड अशी: 'रिमाइंड मी'त 14 किंवा 15 तारीख टाका आणि 'ड्यू डेट' 18 ठेवा. शेवटच्या दिवशी पोर्टल रेंगाळतं. मुदत चुकली तर करावर 18 टक्के व्याज आणि दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, निल (व्यवहार नसलेल्या) रिटर्नला 20. ही धास्ती दोन दिवस आधीच संपवलेली बरी.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, नुसती 'ड्यू डेट' टाकून घंटी वाजेल या भरवशावर राहू नका. 'रिमाइंड मी' वेगळं लावावं लागतं. अँड्रॉइड फोनवर बॅटरी बचत चालू असेल तर तेही गप्प बसतं, म्हणून या ॲपपुरती ती बंद करा. दुसरी जास्त गंभीर. 'रिपीट' लावलेलं काम टिक केल्याशिवाय पुढच्या महिन्याचं काम तयारच होत नाही. ऑगस्टचं रिटर्न भरलं पण टिक करायची राहिली, की सप्टेंबरचं यादीत दिसत नाही. रिटर्नची पावती डाउनलोड झाली की तिथल्या तिथे टिक, ही सवय लागेपर्यंत ॲपवर विसंबू नये.

व्हॉट्सॲपवरून आलेलं काम तिथेच राहू दिलं तर हे सगळं फुकट जातं. निरोप वाचला की लगेच एका ओळीत टू डूमध्ये टाका, विचार नंतर. खूपच कोंडल्यासारखं झालं तर दहा मिनिटं दुसरं काही न करता डोक्यातलं सगळं उतरवून काढा आणि मग एकेकाला तारीख द्या.

यादी सहकाऱ्यांत वाटून घेता येते, काम नावावर लावता येतं. 'माय डे' मात्र ज्याचं त्यालाच दिसतं. साहेबांना तुमच्या ताटात आज काय वाढलंय ते कळत नाही, स्क्रीन पुढे धरावी लागते. ती धरा. "साहेब, आज ही पाच घेतलीत. हे सहावं आजच हवं असेल तर यातलं कुठलं उद्यावर टाकू?" असं दाखवून विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. नुसतं "खूप काम आहे" म्हटल्यावर मिळत नाही.

ॲपला माणसं वाढवता येत नाहीत. दोघांचं काम एकाच्या गळ्यात असेल तर यादी कितीही सुरेख मांडा, ती संपणार नाही, आणि ते मालकाशीच बोलायला हवं. झोप उडाली असेल, ऑफिसच्या पायऱ्या चढताना छातीत धडधडत असेल आणि असं आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

शेवटचं, वाटून घेतलेल्या यादीबद्दल. पार्टीचे पोर्टल पासवर्ड आणि पॅन तिच्यात कधीही लिहू नका. यादीची लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो. सगळे सहकारी आत आले की 'लिमिट ॲक्सेस' चालू करा, आणि कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचं नाव काढा.