पऱ्हाटी चांगली वाढली: एका इंग्रजी व्याकरण वर्गाचा अनुभव

2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते आणि माझे गुण नेमके तिथेच गेले. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एका खासगी शिकवणीचा सहा आठवड्यांचा इंग्रजी व्याकरण वर्ग यंदा मी पूर्ण केला. शुल्क 1,800 रुपये होते, छापील नोट्सचे 150 वेगळे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फारसा जाणवला नाही; परंतु गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला असल्याने वर्गानंतर शंका विचारायला थांबता येत नसे.

काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यये हे भाग कोणत्याही वर्गात शिकवतात तसेच शिकवले गेले. विशेषण आणि क्रियाविशेषण यांतील फरक मात्र सरांनी ज्या रीतीने उलगडला, ती रीत मला शाळेत कधी भेटली नव्हती. त्यांनी फळ्यावर आधी मराठी वाक्ये लिहिली: पाणी चांगले पडले, पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) चांगली वाढली, कापूस चांगला फुटला. तिन्ही वाक्यांत ‘चांगला’ हा शब्द क्रिया कशी झाली तेच सांगतो, तरीही मराठीत तो कर्त्याच्या लिंगाप्रमाणे रूप बदलत असल्याने आपल्याला तो विशेषण वाटतो, आणि इंग्रजीत आपण सरसकट ‘गुड’ लिहून मोकळे होतो; तिथे तिन्ही ठिकाणी ‘वेल’ हवे असते. आपली चूक आपल्याच भाषेच्या सवयीतून येते हे कळल्यावर ती टाळणे बरेच सोपे झाले.

शब्दाच्या शेवटी ‘एलवाय’ दिसले की क्रियाविशेषण, हा शाळेतला आडाखाही त्यांनी मोडून काढला. ‘फ्रेंडली’ आणि ‘लोनली’ ही विशेषणे आहेत, तर ‘फास्ट’ हे रूप न बदलता दोन्ही कामे करते. ‘माझे वडील खूप कष्ट करतात’ याचे भाषांतर मी ‘हार्डली वर्क्स’ असे केले, तेव्हा वर्ग हसला, कारण त्याचा अर्थ वडील जवळपास कामच करत नाहीत असा होतो. तिथे नुसते ‘हार्ड’ पाहिजे. दिवसभर वखरामागे चालणाऱ्या माणसाविषयी मी हे लिहिले होते.

तक्रार आहे ती नोट्सबद्दल. त्यांत ‘क्रियापदानंतर नेहमी क्रियाविशेषण येते’ असा नियम छापला आहे आणि ‘द कॉटन फील्स’ या वाक्यापुढे ‘सॉफ्टली’ हे उत्तर दिले आहे. ते चूक आहे. इथे कापूस काही करत नाही, तो हाताला मऊ लागतो. मऊपणा कापसाचा आहे, म्हणून ‘सॉफ्ट’ हे विशेषणच बरोबर. त्याउलट आईने कापूस जपून चाचपून पाहिला असे सांगायचे असेल, तर त्याच ‘फील’च्या भूतकाळी रूपासोबत ‘केअरफुली’ येईल, कारण तिथे चाचपण्याची क्रिया खरोखर घडते. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’ यांचेही असेच आहे. परीक्षेत हमखास फसवणारा हा भाग सरांनी तोंडी दहा मिनिटांत आटोपला, त्यामुळे ज्याने केवळ नोट्सवर भिस्त ठेवली, तो चुकीचेच उत्तर पाठ करणार.

चूक दाखवल्यावर सरांनी ती लगेच मान्य केली, हे नमूद करायला हवे. नव्या तुकडीला मिळालेली प्रत मात्र मी परवा पाहिली. त्यात ‘सॉफ्टली’ अजून तसेच आहे. वर्ग जरूर लावावा, नोट्सचे 150 रुपये वाचवावेत.