मायक्रोबिट व्ही२: विद्यापीठ आणि शाळेच्या जोडकामात कितपत उपयोगी?

अभियांत्रिकीचे विद्यार्थी शाळेत किंवा वस्तीत जाऊन शिकवणार असतील, तर सुरुवातीला मायक्रोबिट हा प्रोग्राम करता येणारा छोटा संगणक-बोर्डच न्यावा. तो मुळात अशाच जोडकामातून घडला: बीबीसीच्या पुढाकारानं २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांच्या हाती आला, त्याचं रनटाइम सॉफ्टवेअर (बोर्डावर मुलांचे प्रोग्राम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) लँकेस्टर विद्यापीठात तयार झालं. ४ बाय ५ सेंटिमीटरच्या बोर्डावर २५ एलईडी, दोन बटणं, होकायंत्र, बोर्डांना आपसात बिनतारी संदेश पाठवायला रेडिओ. २०२० च्या व्ही२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत, स्पीकर आणि मायक्रोफोनही. सोल्डरिंगची (तारा वितळलेल्या धातूनं जोडण्याची) गरज नाही, त्यामुळे पहिल्याच तासाला मुलांच्या हातात काहीतरी चालू झालेलं असतं.

मोजमापात मात्र सावध राहावं. तापमानाचा सेन्सर प्रोसेसरच्या चिपमध्येच आहे, म्हणून आकडा खोलीपेक्षा जास्त येतो. घरांमधला उकाडा मोजून रहिवाशांपुढे तक्ता मांडायचा असेल तर बाहेरचा सेन्सर जोडाच. चुकीचा तक्ता एकदा दाखवला की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

मातीचा ओलावा मोजायला दोन खिळे पुरतात: एक बोर्डाच्या कडेवरच्या पिन १ या जोडबिंदूला, दुसरा पिन ० ला, आणि पिन ० व जीएनडी (ग्राउंड) पिनमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. पिन १ वाचनापुरतीच चालू करावी, पिन ० वरचा ० ते १०२३ मधला आकडा घ्यावा, लगेच बंद करावी. वीज सतत वाहिली तर खिळा गंजतो आणि माती तीच असूनही आकडे सरकत जातात.

वर्गात सर्वांत जास्त वेळ खाते ती केबल. फक्त चार्जिंगची असली तर संगणकावर बोर्डाचा ड्राइव्ह दिसतच नाही, प्रोग्राम उतरवता येत नाही. प्रत्येक केबल आदल्या दिवशी तपासा. सगळ्यांनी एकच प्रोग्राम उतरवला तर रेडिओ गटही (कोणाचे संदेश कोणाला पोचतील ते ठरवणारा क्रमांक) एकच राहतो आणि संदेश एकमेकांत मिसळतात. दर जोडीला ० ते २५५ मधला वेगळा क्रमांक द्या. सर्वो मोटरला (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरला) वेगळी बॅटरी हवी, नाहीतर ती फिरताच व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होतो.

३० मुलांना जोडीला एक याप्रमाणे १५ बोर्ड, वर ३ राखीव. हा संच सत्र संपल्यावर विद्यापीठात परत नेऊ नये. बोर्ड गेले की शिक्षकांचा सराव तुटतो, पुढच्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. संच शाळेच्या नोंदवहीत चढवावा; ट्रिपल-ए बॅटऱ्या कोण आणणार आणि बोर्ड बिघडला तर शिक्षकांनी विद्यापीठाच्या विभागातल्या कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावं.