रेडिएटर फॅन का फिरत नाही हे शोधताना: ओबीडी स्कॅनर, मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, ह्या तिघांत जो सगळ्यात साधा आहे तो टेस्ट लॅम्प (वायरी जोडलेला बल्ब), त्यानेच खरा दोष दाखवला. स्कॅनरने अर्धं काम केलं, आणि मीटर जे दाखवत होता ते खोटं नव्हतं पण उपयोगाचंही नव्हतं. का ते खाली सविस्तर लिहितोय, कारण फॅन बंद पडला की सरळ नवी फॅन मोटर बसवून मोकळं व्हायचं ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

लक्षण नेहमीचंच. गाडी मोकळ्या रस्त्यावर पळतेय तोवर टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही, कारण समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, आणि ट्रॅफिकमध्ये पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की काटा वर. त्याच्याही आधी एक गोष्ट जाणवते जिच्याकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत, ती म्हणजे गाडी उभी असताना एसीची हवा कोमट होते आणि चालायला लागली की परत गार. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो ना, त्यालाही हाच फॅन हवा देतो. हे दिसलं की मी काटा वर जायची वाट बघत नाही.

स्कॅनर हा ब्लूटूथवाला, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावायचा आणि मोबाईलवर अॅप. त्याचं मोठं काम एकच, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) कूलंट किती गरम वाटतंय ते आकड्यात दिसतं. डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत मधल्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे ८५ आणि १०० मधला फरक त्यावर कळतच नाही. बहुतेक गाड्यांत फॅन साधारण ९५ ते १०५ अंशाच्या मधे कुठेतरी सुरू होतो. माझ्या गाडीत आकडा १०४ च्या वर गेला तरी फॅन गप्प, म्हणजे कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर गरम दाखवतोय, ईसीयूला ते दिसतंय, तरी फॅन नाही. मग सेन्सर बदलण्यात काही अर्थच उरला नाही. उलट इंजिन खरोखर तापलंय आणि स्कॅनरवर आकडा ७० च दिसतोय असं असतं तर सेन्सर, त्याचं कनेक्टर किंवा कूलंट कमी होऊन सेन्सरभोवती हवा अडकली असणार. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची लेव्हल बघणं सगळ्यात आधी, ते सोडून कुठलंच यंत्र बाहेर काढू नये.

दुसरी चाचणी फुकटची, एसी लावायचा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की इंजिन गार असलं तरी फॅन थोड्या वेळात फिरतो. माझा तेव्हाही नाही फिरला. फक्त एसीचा गॅस संपलेला असेल तर ह्या चाचणीवर विसंबू नका, कारण प्रेशर कमी असलं की कॉम्प्रेसरच लागत नाही आणि मग फॅनही नाही.

आता खरी गोष्ट. फ्यूज बघितला, चांगला. रिलेचा, म्हणजे फॅनचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचचा, टक आवाज येतोय. फॅनचं कपलर (वायरीचा प्लग) काढून त्यात मीटरच्या पिना घातल्या तर १२ व्होल्टच्या वर, झकास दिसतायत. इथे कोणीही म्हणेल की करंट येतोय म्हणजे मोटर गेली. पण मोटरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने थेट सप्लाय दिला तर ती दणक्यात फिरली! मग त्याच कपलरमध्ये टेस्ट लॅम्प लावला, मी हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा बल्ब वायरी जोडून वापरतो, तो मिणमिणता लागला. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. हा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि तेवढा करंट मागितला की कमजोर सांधा लगेच उघडा पडतो.

पुढचं सोपं होतं. लॅम्पचं एक टोक कपलरच्या प्लसला ठेवलं आणि दुसरं तिथून काढून थेट बॅटरीच्या मायनसला लावलं. बल्ब लख्ख. म्हणजे फ्यूज, रिले, प्लसची वायर सगळं ठीक, गडबड अर्थिंगमध्ये. ती वायर हेडलाइटच्या मागे बॉडीला एका बोल्टने बसवलेली होती, बोल्ट वरून घट्ट आणि बऱ्यापैकी स्वच्छ, पण खोलला तर लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट पांढरी पावडर आणि पत्र्यावर गंजाचा गोल डाग. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, लगही घासली, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. नंतर फॅन फिरत असताना मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मीटर लावून बघितलं तर ०.१ व्होल्टच्या आसपास. मीटर कामाचा ठरतो तो असा, लोड चालू असताना. ह्या गोष्टीला आता काही महिने झाले, पूर्ण उन्हाळा गेला, फॅन वेळेवर लागतो आणि वेळेवर बंद होतो.

त्यानंतर ओळखीतल्या दोन-तीन गाड्यांवरही हाच संच वापरला. एकीत स्कॅनरवर दोषाचा कोड पी०११८ होता, सेन्सरचं सर्किट तुटलेलं. तिच्यात उलट तक्रार होती, फॅन सतत फिरायचा, कारण सेन्सर गायब झाला की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू खबरदारी म्हणून फॅन चालूच ठेवतो. दुसरीत रिले टक करायचा पण आतले पॉइंट जळालेले, आणि आवाज आला म्हणजे रिले चांगला हा समज तिथे साफ खोटा ठरला. त्याच नंबरचा शेजारचा रिले अदलाबदल करून बघितला तेवढ्यात सोक्षमोक्ष लागला.

आता तक्रारी. स्कॅनर पोर्टला लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही थोडा थोडा करंट ओढतो, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवावा. साध्या स्कॅनरने फॅन चालू करायची कमांड देता येत नाही, फक्त वाचता येतं, ही मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. आणि ज्या जुन्या गाड्यांत फॅन रेडिएटरमधल्या थर्मोस्विचवर (तापलं की आपोआप लागणाऱ्या स्विचवर) चालतो तिथे ईसीयूला फॅनबद्दल काही माहितीच नसते, मग स्कॅनरवर सगळं आलबेल दिसतं. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून फॅनचा करंट मोजायला जाऊ नका, सुरू होताना मोटर त्याहून बरंच जास्त ओढते, मीटरचा फ्यूज उडतो. आणि बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या किंवा सेन्सरच्या बारीक वायरींना कधीच लावू नका, तेवढा करंट त्या सर्किटला झेपत नाही, तिथे मीटरच. नव्या गाड्यांत फॅनचा स्पीड कंट्रोल मॉड्यूलवर असतो, तिथेही जाड प्लस आणि अर्थ एवढंच लॅम्पने बघा, सिग्नलची वायर सोडून द्या.

हे सगळं करताना फॅनच्या पात्यात हात घालायचा असेल तर आधी कपलर काढा. इग्निशन बंद असलं तरी काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो, आणि तो बोट वाचवायला थांबत नाही. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका, आत प्रेशर असल्यामुळे कूलंट १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की एकदम उकळून अंगावर येतं.

कोणाला घ्यायचंच असेल तर आधी टेस्ट लॅम्प, मग मीटर, मग स्कॅनर. मी आता डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घ्यायचं बघतोय, म्हणजे फॅनचा करंट वायर न तोडता कळेल आणि मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजायला लागलेत का याचा अंदाज आधीच येईल.