स्मार्ट मीटर स्वीकारावा की जुना ठेवावा : ब्रिटनमधील घरगुती ग्राहकांसाठी तुलनात्मक आढावा

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील ज्या घरांत अजून जुना वीज किंवा गॅस मीटर आहे, त्यांना पुरवठादार कंपनीकडून पत्रे, ईमेल आणि फोन येणे आता नित्याचे झाले आहे. (उत्तर आयर्लंड स्मार्ट मीटर बसवण्याच्या या योजनेत नाही.) ‘आपला मीटर बदलण्याची वेळ झाली आहे’ अशा शब्दांत लिहिलेले पत्र पाहून बदल सक्तीचा आहे असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती अशी की घरगुती ग्राहकावर स्मार्ट मीटर (वापराचे रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारा मीटर) घेण्याची कायदेशीर सक्ती नाही. तो देऊ करण्याचे आणि बसवण्याचे बंधन कंपनीवर आहे.

कंपन्यांच्या आग्रहामागचे कारण आधी समजून घेतले, तर पुढची तुलना शांतपणे करता येते. सर्व घरांपर्यंत स्मार्ट मीटर पोहोचवण्याची मुदत सुरुवातीला २०१९ होती. ती पुढे २०२० आणि नंतर २०२५ पर्यंत लांबत गेली. २०२२ पासून प्रत्येक मोठ्या कंपनीला दर वर्षी किमान किती मीटर बसवायचे याचे उद्दिष्ट ठरवून देण्यात आले आणि ते न गाठल्याबद्दल ऑफजेम या नियामक संस्थेने २०२३ मध्ये सहा कंपन्यांना मिळून १.०८ कोटी पौंड भरायला लावले. म्हणजेच पत्रातला निकडीचा सूर बऱ्याच अंशी कंपनीच्या स्वतःच्या उद्दिष्टातून आलेला असतो. त्यावरून स्मार्ट मीटर वाईट ठरत नाही, आणि तो आपल्या घरासाठी चांगला आहे हेही सिद्ध होत नाही. ते आपल्या घराच्या वापरावरूनच ठरवावे लागते.

‘मोफत बसवून देतो’ हा दावाही नीट वाचावा. बसवताना वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत हे खरे. परंतु संपूर्ण योजनेचा खर्च, जो २०१९ च्या सरकारी हिशेबात साधारण १,३५० कोटी पौंड धरला होता, सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल होतो. जुना मीटर ठेवणारा ग्राहकही तो खर्च भरतच असतो. त्यामुळे नकार दिल्याने त्या बाबतीत काहीही वाचत नाही.

रीडिंग आणि बिल

जुन्या मीटरवर रीडिंग ग्राहकाने कळवायचे किंवा कंपनीच्या माणसाने येऊन घ्यायचे, आणि दोन्ही झाले नाही तर बिल अंदाजाने निघते. अंदाज चुकला की डायरेक्ट डेबिटची, म्हणजे बँक खात्यातून आपोआप कापली जाणारी, मासिक रक्कमही चुकते: कधी ग्राहकाचे पैसे कंपनीकडे पडून राहतात, तर कधी हिवाळ्यानंतर मोठी थकबाकी अचानक समोर येते. कंपनीच्या चुकीमुळे बिल उशिरा आले, तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे मागता येत नाहीत, हा नियम २०१८ पासून लागू आहे. तो दोन्ही प्रकारच्या मीटरना सारखाच लागू होत असल्याने त्यासाठी मीटर बदलण्याची गरज नाही.

स्मार्ट मीटर रीडिंग आपोआप पाठवतो, आणि तो नीट चालत असेल तर अंदाजे बिलाचा प्रश्न संपतो. मात्र ‘नीट चालत असेल तर’ ही अट मोठी आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार त्या वर्षीच्या मार्चअखेर सुमारे ३० लाख, म्हणजे साधारण ९ टक्के स्मार्ट मीटर स्मार्ट पद्धतीने काम करत नव्हते. अशा मीटरवर वापराची नोंद बरोबर होत राहते, फक्त ती कंपनीपर्यंत पोहोचत नाही, आणि ग्राहक पुन्हा हाताने रीडिंग कळवण्यावर येतो. धोका असा की मीटर स्मार्ट आहे या विश्वासाने अनेक जण बिलावरचे ‘अंदाजे’ हा शब्द वाचतच नाहीत. नवा मीटर घेतल्यानंतरही दोन-तीन महिन्यांतून एकदा मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बिघाडाचे मोठे कारण संपर्काचे आहे. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हे मीटर लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यावरून बोलतात, तर उर्वरित इंग्लंड व वेल्समध्ये मोबाइल नेटवर्कवरून. २जी आणि ३जी सेवा उशिरात उशिरा २०३३ पर्यंत बंद व्हायच्या असल्याने आता ४जी वर चालणारे संपर्क यंत्र बसवले जाऊ लागले आहे. तेव्हा आपल्याकडे कोणते यंत्र बसणार हे आधी विचारलेले बरे, नाहीतर काही वर्षांत तेवढाच भाग बदलण्यासाठी पुन्हा कुणीतरी घरी यावे लागेल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मीटर तळघरात आणि घर चौथ्या मजल्यावर असेल, तर घरातल्या डिस्प्लेपर्यंत (वापर दाखवणाऱ्या छोट्या पडद्यापर्यंत) सिग्नल पोहोचेलच असे नाही. अशा इमारतींसाठी वेगळी व्यवस्था उभारली जात आहे, परंतु ती प्रत्येक ठिकाणी तयार नाही.

बचत : कुठे थोडी, कुठे भरपूर

जाहिरातींचा भर घरातल्या डिस्प्लेवर असतो. विजेचा वापर त्यावर साधारण दर दहा सेकंदांनी आणि गॅसचा दर अर्ध्या तासाने दिसतो. त्यातून होणारी बचत सरकारी अंदाजांत दोन-तीन टक्क्यांच्या आसपास धरलेली आहे. वर्षाचे एकूण बिल १,७०० पौंड मानले, तर ही रक्कम ३५ ते ५० पौंडांच्या घरात जाते, तीही घरातल्यांनी डिस्प्लेकडे पाहून सवयी बदलल्या तरच. मीटर स्वतः काहीही वाचवत नाही. जे कुटुंब आधीच काटकसरीने वापर करते त्याला यातून फारसे मिळणार नाही, आणि केवळ एवढ्या कारणासाठी मी कुणालाही मीटर बदला असे सांगणार नाही.

खरा फरक वेळेनुसार बदलणाऱ्या दरांत आहे. जुन्या मीटरवर ‘इकॉनॉमी ७’ सारखी योजना मिळते, ज्यात रात्रीचे सात तास स्वस्त आणि बाकीचा दिवस महाग असतो. मीटरला दोनच कप्पे असल्याने यापेक्षा बारीक हिशेब त्याला ठेवता येत नाही. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा वापर वेगळा नोंदवतो, आणि त्यामुळे ऑक्टोपस कंपनीच्या ‘अजाइल’ सारख्या योजना शक्य होतात, ज्यात घाऊक बाजारानुसार दर अर्ध्या तासाला भाव बदलतो, संध्याकाळी चार ते सात या वेळात तो चढतो आणि वारा भरपूर असलेल्या रात्री कधीकधी शून्याखालीही जातो. विजेवर चालणारी गाडी घरी चार्ज करणाऱ्यांसाठी रात्रीच्या स्वस्त योजना आहेत. छतावरच्या सौर पॅनेलची जादा वीज विकण्यासाठी १ जानेवारी २०२० पासून सुरू असलेल्या ‘स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटी’ योजनेत अर्ध्या तासाची नोंद घेऊ शकणारा मीटर लागतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात गर्दीच्या वेळी वीज कमी वापरल्याबद्दल घरगुती ग्राहकांना मोबदला देण्यात आला, तेव्हाही जुन्या मीटरवाल्यांना त्यात भाग घेता आला नाही. संपूर्ण बाजार अर्ध्या तासाच्या हिशेबावर नेण्याचा निर्णय ऑफजेमने २०२१ मध्येच घेतला आहे, त्यामुळे अशा योजना वाढत जातील आणि जुन्या मीटरला मिळणाऱ्या योजनांची यादी आखडत जाईल, असे मला वाटते.

म्हणून प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा प्रश्न हा : घरातला मोठा वापर दुसऱ्या वेळेला हलवता येतो का? गाडी, हीट पंप, बॅटरी किंवा रात्री तापवलेले पाणी असेल तर उत्तर होय आहे, आणि अशा घराने जुना मीटर ठेवणे म्हणजे दर महिन्याला नुकसान सोसणे होय. ज्या घरात सगळे जण संध्याकाळी सहाला परततात आणि सगळी कामे तेव्हाच होतात, त्या घराला बदलत्या दराची योजना उलट महाग पडू शकते. स्मार्ट मीटर बसला म्हणजे अशी योजना आपोआप लागू होत नाही, दिवसभर एकच दर असलेली योजना पुढेही निवडता येते. ही भीती नकाराचे कारण असू नये.

प्रीपेमेंट आणि थकबाकी

ज्यांचा मीटर आधीच प्रीपेमेंटचा, म्हणजे आधी पैसे भरून मग वापरायचा आहे, त्यांच्यासाठी तुलना जवळजवळ एकतर्फी आहे. जुन्या पद्धतीत विजेसाठी किल्ली आणि गॅससाठी कार्ड घेऊन दुकानात जावे लागते; स्मार्ट मीटरवर फोनवरून पैसे भरता येतात, शिल्लक घरात दिसते आणि आजारपणात किंवा रात्री अपरात्री बाहेर पडावे लागत नाही. अशा ग्राहकांनी मीटर बदलून घ्यावा.

ज्यांची थकबाकी आहे पण जे महिन्याच्या बिलावर आहेत, त्यांची स्थिती वेगळी आहे, आणि त्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. जुना मीटर प्रीपेमेंटचा करायचा तर कुणालातरी न्यायालयाचे वॉरंट घेऊन दारात यावे लागते. स्मार्ट मीटर दूरवरून त्या पद्धतीत बदलता येतो. २०२३ च्या सुरुवातीला अडचणीतल्या कुटुंबांच्या घरात जबरदस्तीने प्रीपेमेंट मीटर बसवल्याचे प्रकार उघड झाल्यावर ते काम थांबवण्यात आले आणि त्यानंतर ऑफजेमने कडक नियम आणले. लहान मूल असलेल्या किंवा आधार नसलेल्या ज्येष्ठांच्या घरांना त्यात संरक्षण आहे, आणि दूरवरून केलेल्या बदलालाही ते नियम लागू आहेत. तरीही नियम असणे आणि तो आपल्या बाबतीत पाळला जाणे यांत अंतर पडू शकते. थकबाकी असलेल्या कुटुंबाने आधी कंपनीशी हप्त्यांची बोलणी लेखी पूर्ण करावीत, घरात आजारी, वृद्ध किंवा तान्हे मूल असल्यास कंपनीच्या प्राधान्य सेवा नोंदवहीत (विशेष मदतीची गरज असलेल्या ग्राहकांच्या यादीत) नाव घालावे आणि मगच मीटरचा निर्णय घ्यावा.

माहितीचा ताबा

अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घर कधी उठते, कधी रिकामे असते आणि सुट्टीला कधी गेले आहे हे कळू शकते. म्हणून ज्यांना ही गोष्ट खटकते त्यांची शंका रास्त आहे. पण इथे ग्राहकाच्या हातात निवड आहे. बिलासाठी महिन्याचे रीडिंग कंपनी घेऊ शकते. रोजच्या नोंदीला ग्राहक हरकत घेऊ शकतो. अर्ध्या तासाची नोंद योजनेसाठी वा जाहिरातीसाठी वापरायची तर संमती लागते. डिस्प्लेवर दिसणारी दर दहा सेकंदांची माहिती घरातच राहते. मीटर बसवताना पुढे केलेल्या फॉर्मवर ही निवड आधीच भरलेली नाही ना, हे पाहावे. रेडिओ लहरींपासून आरोग्याला धोका असल्याची भीतीही ऐकू येते. ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेच्या मते ही मात्रा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या तुलनेत फारच कमी आहे.

नकार द्यायचा असेल तर

आज दिलेला नकार उद्या बदलता येतो. बसवलेला स्मार्ट मीटर काढून जुना परत मागण्याचा हक्क मात्र नाही. संभ्रम असेल तर थांबण्याच्या बाजूने हा एक सबळ मुद्दा आहे. त्याला दोन अपवाद आहेत. मीटरची प्रमाणित मुदत संपली असेल तर तो बदलावाच लागतो, आणि बदली मीटर बहुधा स्मार्टच असतो. संपर्क बंद ठेवून तो बसवावा अशी विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे नाही. दुसरा अपवाद रेडिओ टेलिस्विचवर चालणाऱ्या मीटरचा. बीबीसीच्या लाँग वेव्ह प्रक्षेपणावरून स्वस्त-महाग वेळ बदलणारी ही सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली जाऊ लागली. तसा मीटर अजून घरात असेल तर हीटर भलत्या वेळी चालू राहण्याची किंवा मुळीच चालू न होण्याची शक्यता असते. तेथे थांबण्यात शहाणपण नाही.

भाडेकरूचे नाव बिलावर असेल तर निर्णय त्याचाच असतो, पण घरमालकाला कळवावे आणि करारातील अट वाचावी. मीटर बसवताना काही काळ वीज आणि गॅस बंद राहतात, तेव्हा घरात वैद्यकीय उपकरण चालत असेल तर तारीख ठरवतानाच ते सांगावे. काम सुरू होण्यापूर्वी जुन्या दोन्ही मीटरवरच्या आकड्यांचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. जुना मीटर एकदा गाडीत गेला की शेवटच्या रीडिंगबद्दल वाद निघाल्यास ग्राहकाकडे दुसरा पुरावा उरत नाही.