जुन्या क्रॉलरच्या साखळीचे बुश आणि साठ टनी पोर्टेबल प्रेस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत हा साठ टनी पोर्टेबल पिन-प्रेस (साखळीच्या पिना आणि बुश दाबून काढण्याचे व बसवण्याचे यंत्र) मी एका जुन्या क्रॉलर, म्हणजे चाकांऐवजी पोलादी साखळ्यांवर चालणाऱ्या, ट्रॅक्टरच्या दोन्ही साखळ्यांवर, म्हणजे एकूण ७२ सांध्यांवर वापरला आणि नंतर त्याच साखळ्यांवर ट्रॅक्टर सुमारे २०० तास चालवला. त्यामुळे प्रेस आणि त्याने बसवलेले बुश (सांध्यातल्या पिनेभोवतीच्या पोलादी नळ्या) या दोहोंविषयी एकत्रच लिहितो. प्रेसमध्ये सामग्री थोडकीच आहे: जाड पोलादी चौकट, तिच्या एका बाजूला १०४ मिमी व्यासाचा सिलिंडर, समोर पिन बाहेर पडण्यासाठी पोकळ बैठक आणि ७०० बार दाब देणारा हातपंप.

प्रेस हाती घेण्याआधी साखळी मोजणे आवश्यक आहे. स्प्रॉकेटच्या, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातात एक लोखंडी तुकडा अडकवून ट्रॅक्टर किंचित मागे घेतला की साखळी ताठ होते. मग मास्टर पिन (साखळीची दोन टोके जोडणारी, सोडता येणारी पिन) टाळून एका पिनेच्या कडेपासून पाचव्या पिनेच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर घ्यायचे. माझ्या साखळीचा मूळ पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर, १७१.४५ मिमी; म्हणजे चार लिंकांचे (कड्यांचे) अंतर ६८५.८ मिमी असायला हवे होते. ते ६९७ मिमी भरले. एका सांध्यामागे २.८ मिमी वाढ, म्हणजे ३६ लिंकांच्या साखळीत जवळजवळ दहा सेंटीमीटर. ही वाढ लिंक ताणल्याने होत नाही. पिनेचा बाहेरचा आणि बुशाचा आतला पृष्ठभाग एकाच बाजूने झिजल्याने होते. म्हणूनच बुश आणि पिना १८० अंशांत फिरवून बसवल्या की न झिजलेली बाजू कामाला येते आणि पिच पूर्ववत होतो. मात्र बुशाचा कठीण केलेला थर बाहेरून झिजून आतले मऊ पोलाद उघडे पडले असेल, तर फिरवण्यात अर्थ नाही. माझ्या डाव्या साखळीचे बुश फिरवता आले, उजवीचे सगळे नवे घालावे लागले. १९७० च्या दशकात तेल भरलेल्या सीलबंद साखळ्या आल्या. त्याआधीच्या या कोरड्या साखळ्यांत मातीचे कण थेट सांध्यात शिरतात, त्यामुळे येथे मोजणीत केलेला आळस महागात पडतो.

मास्टर पिन तिच्या टोकावरच्या खळग्यावरून ओळखली. ताण देणारा स्क्रू आधी पूर्ण सैल केला, साखळी सोडून जमिनीवर पसरली आणि जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्यांचे गंजलेले बोल्ट (शू-बोल्ट) गॅसने कापले. त्यानंतरचे खरे काम प्रेसचे. पहिल्या पाच-सहा पिनांनी मला पुरते हैराण केले. गेजचा काटा वर चढत जायचा, पण पिन जागची हलायची नाही. आणि जेव्हा सुटायची तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज व्हायचा. पिनेच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि डोळ्यांवर चष्मा असावाच, हे मी येथे आग्रहाने लिहितो. कठीण पिनेवर कठीण घण मारण्याचा मोह तर कधीच होऊ देऊ नये, कारण उडालेली चिलपी गोळीसारखी लागते.

माझी समजूत अशी होती की साठ टन अपुरे पडत आहेत. प्रत्यक्षात दोष वेगळाच निघाला. प्रेससोबत आलेला ढकलदांडा पिनेपेक्षा बराच बारीक होता आणि लिंक चौकटीत किंचित तिरकी बसत होती. त्यामुळे बराचसा जोर पिन पुढे ढकलण्याऐवजी ती भोकाच्या एका बाजूला दाबण्यात जात होता. लेथवर पिनेपेक्षा फक्त एक मिलिमीटर कमी व्यासाचा दांडा आणि लिंकेच्या मागच्या बाजूला बरोबर बसणारी बैठक करून घेतली, तेव्हा त्याच पिना ४० ते ४५ टनांत सुटू लागल्या. म्हणून या प्रेसबद्दल माझे मत असे झाले आहे की याची ताकद पुरेशी आहे, पण सोबतचे दांडे आणि बैठकी कामचलाऊ आहेत, आणि निर्मात्याने टनांचा आकडा मोठा छापण्यापेक्षा याकडे लक्ष द्यायला हवे होते.

अगदीच अडलेल्या सांध्यांना उष्णता दिली. ५० मिमी व्यासाचे भोक १५० अंशांनी तापवले तर साधारण ०.०९ मिमी मोठे होते, आणि घट्ट बसणीत एवढे अंतर पुष्कळ असते. रोलर जिथे धावतात ती लिंकेची कठीण धार तापू देऊ नये, नाहीतर तिची कठीणता उतरते.

नवे बुश बसवताना भोकातला गंज खरवडून कडांना पातळ तेल लावले. दोन्ही लिंका एकमेकींना समांतर राहणे आणि बुश दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर येणे, ही दोनच पथ्ये, पण ती पाळायला पहिल्या बुशाला मला पाऊण तास लागला, शेवटच्याला दहा मिनिटे. सिलिंडरचा स्ट्रोक, म्हणजे एका वेळी पुढे सरकण्याची लांबी, आखूड असल्याने प्रत्येक पिनेला दांडे तीनदा बदलावे लागतात, ही गैरसोय शेवटपर्यंत राहिली. पंपाच्या होजचे सील पाचव्या महिन्यात पाझरू लागले. ते बदलल्यावर पुन्हा त्रास झाला नाही.

दोनशे तासांनंतर उजव्या साखळीचे चार लिंकांचे अंतर ६८६.५ मिमी आहे, म्हणजे पिच चांगला टिकून आहे. स्प्रॉकेट मात्र मी जुनेच ठेवले आणि ही माझी चूक झाली. त्याचे दात वाढलेल्या पिचप्रमाणे झिजलेले होते. नवा बुश त्यांच्या तळाशी न बसता उतारावर टेकतो, आणि उलट्या गिअरमध्ये, जेव्हा बुश भाराखाली दातावर घासत फिरतो, तेव्हा त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. नव्या बुशांवर आताच चकाकणारे पट्टे दिसू लागले आहेत. साखळीसोबत स्प्रॉकेटचा विचार न करता मी कामाला लागायला नको होते. येत्या हंगामाआधी ते बदलणार आहे.

उजव्या साखळीतील एका लिंकेचे भोक बसवतानाच सैल वाटले होते. तिथे पिन केवळ १५ टनांत शिरली. तिच्या टोकावर आणि लिंकेवर मिळून मी रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे आणि दर आठवड्याला ती पाहतो. रेघ तुटलेली दिसली की ती लिंक बदलायची.