खानापूरच्या चौथीच्या वर्गात वाचलेले वटवाघळांचे पुस्तक

या पुस्तकाच्या लेखिका वन्यजीव अभ्यासक असल्यामुळे ते माहितीने जड झालेले असेल, अशी शंका शाळेच्या वाचनपेटीसाठी मागवताना मनात होती. दोन महिने चौथीच्या मुलांबरोबर वाचल्यावर ती उरलेली नाही.

सर्वांत मोलाचे पान पंखाचे आहे. वटवाघळाचा पंख म्हणजे प्रत्यक्षात हातच असून, लांबलेल्या चार बोटांमध्ये कातडीचा पातळ पडदा ताणलेला असतो आणि अंगठा तेवढा आकड्यासारखा बाहेर राहतो, हे हाडांच्या मोठ्या चित्रावरून समजावले आहे. एका मुलाने त्या चित्रावर आपला पंजा पसरला, एकेक बोट जुळवून पाहिले आणि म्हणाला, "बाई, ह्याला पण पाचच हाईत की!" वाघूळ आंधळे असते हा घरोघरचा समजही लेखिका नुसता खोडून काढत नाहीत, अंधारात ते आवाजाच्या आधाराने वाट काढते, हे माणसाला कसे कळले आणि 1938 साली अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी माणसाला ऐकू न येणारा तो आवाज यंत्राने कसा टिपला, हे सारे गोष्टीसारखे सांगतात. मुलांना उत्तराआधी शोध दाखवणारी पुस्तके मराठीत फार थोडी आहेत.

एक उणीव मात्र मनाला लागली. आमच्याच खानापूर तालुक्यातील (जि. बेळगाव) तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांचा यात उल्लेख नाही. रॉटनच्या मुक्तपुच्छ (पडद्याबाहेर मोकळे शेपूट असलेल्या) वटवाघळाची नोंद विज्ञानात 1913 साली येथूनच झाली आणि पुढे मेघालय व कंबोडियात सापडेपर्यंत अनेक दशके जगात त्याचे हेच एक ठिकाण माहीत होते. या गुहा आज भीमगड अभयारण्याच्या परिसरात आहेत, हे मी मुलांना तोंडी सांगितले, तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. गुहेत गोंगाट केल्यास घाबरलेल्या माद्यांची पिल्ले खाली पडतात, हा पुस्तकातील इशारा त्यांना त्यानंतरच खऱ्या अर्थाने पटला.

सीमाभागातील शाळांसाठी प्राण्यांची कन्नड नावेही शेजारी छापावीत, अशी विनंती आहे. वाघूळ आणि कन्नडमधील बावली एकच, हे कळायला आमच्या मुलांना वेळ लागला. कागद व रंग उत्तम आहेत. बांधणी नुसत्या डिंकाची असल्याने मधली पाने तिसऱ्याच आठवड्यात सुटली. शिलाईची आवृत्ती निघाल्यास आणखी दोन प्रती घेईन.